पेटी कुणाच्या दारी

“पेटी अशा घरी ठेवा, जिथं कुणालाही दारात ताटकळावं लागणार नाही.” आरोग्य केंद्रातल्या नर्स सुमनबाईंनी निघता निघता सांगितलं होतं. कार्मिननं तेव्हा मान डोलवली. मान डोलवायला काय जातं!

त्या साली जिल्हा परिषदेनं नवी रीत आणली होती. साध्या जुलाब-तापाच्या औषधासाठी जिल्ह्याच्या ठिकाणाहून, ठाण्याहून, येणाऱ्या हुकुमाची वाट बघायची नाही. गावानंच आपला माणूस निवडायचा, पंचायतीनं त्याच्यावर लक्ष ठेवायचं आणि औषधांची पत्र्याची पेटी त्याच्या घरी राहायची.

सभेत कुणी तरी मिठागरावरच्या रुक्मिणीचं नाव काढलं. चौथी शिकलेली, पाड्यातली बाळंतपणं करणारी. सरपंच फर्डिनंड म्हणाले, “अहो, तिच्या घराला धड दार नाही. पेटी काय चुलीवर ठेवणार?” सभा हसली. पंचायतीतली एकुलती एक बाई म्हणून पुढं बसलेली कार्मिनही पदराआड हसली. मग पेटी तिच्याकडेच आली. देवभोळी बाई, चर्चला लागून पक्कं घर. तिथं काळजी कसली?

कार्मिननं पेटी घरातल्या वेदीखाली ठेवली, वर क्रोशाचा रुमाल घातला आणि किल्ली कमरेला लावली.

मरियामातेच्या सणाआधीचा नोव्हेना सुरू झाला. ते नऊ दिवस रोजरीला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, बसलं की शेवटची लितानी संपेपर्यंत गुडघ्यांवरून उठायचं नाही, हे तिचं व्रत. पाचव्या संध्याकाळी अंगणातून हाक आली.

“बाय, पोराला सकालधरनं ढाळ लागलेत. पोटात पानीबी ठरत नाय. मीठसाखरेची पुडी द्या.”

रुक्मिणीचा आवाज. कार्मिननं डोळे न उघडताच हातानं खुणावलं, थांब.

“मी देऊ का?” नवरा आग्नेल कुजबुजला. किल्ली कार्मिनच्या कमरेला. तिनं नुसत्या भुवया आवळल्या.

लितानी संपवून ती बाहेर आली, तर अंगणात कुणी नव्हतं. गेली असेल घरी, असं म्हणून कार्मिन जेवलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी कळलं, रुक्मिणी पोराला कडेवर घेऊन चालत वसईच्या दवाखान्यात गेली होती. सलाईनच्या दोन बाटल्या लागल्या. पोर वाचलं.

महिनाअखेर सुमनबाई आल्या, पेटी उघडून खूश झाल्या. “पुड्या सगळ्या जशाच्या तशा! गावात जुलाब नाहीतच म्हणायचे. निवड चांगली केलीत हो.”

कार्मिनच्या कानांच्या पाळ्या तापल्या. खरं सांगायला तोंड उघडलं, पण बाहेर पडलं ते, “चहा घेता?”

त्याच दुपारी ती मिठागराच्या वाटेनं गेली. रुक्मिणी दारात मासळी निवडत होती. पोर बाजूला शिंपल्यांशी खेळत होतं, मनगटं काडीसारखी. कार्मिनला त्याच्याकडे बघवेना.

“रुक्मिणी, चुकलं माझं. पेटी तुझ्या घरी आणून देईन.”

रुक्मिणीनं मान वर केली नाही. “केवा बाय? रोजरी सुटल्यावं?”

कार्मिन आल्या वाटेनं परतली.

पुढच्या सभेत ती उभी राहिली आणि पेटी रुक्मिणीकडे द्या म्हणाली. फर्डिनंड कुरकुरले, “गावानं एकदा ठरवलंय, कार्मिनबाय.”

“गावानं ठरवलं तेव्हा मीही हसले होते.” पुडीची सगळी हकीकत तिनं सांगितली, हाताची खूणसुद्धा करून दाखवली. कुणी हसलं नाही. मग मागून एक हात वर झाला, मग दुसरा. सरपंचांचा सगळ्यात शेवटी.

संध्याकाळी चर्चची घंटा झाली. आग्नेलनं वेदीवरची मेणबत्ती पेटवली, चटई अंथरली. “येतेस ना?”

“तुम्ही सुरू करा.” कार्मिननं रुमाल बाजूला केला, पेटी उचलून कडेवर घेतली आणि जपमाळ मुठीला गुंडाळली. रोजरीतला पहिला ‘नमो मरिये’ ओठांवर घेत ती अंगण उतरून मिठागराच्या वाटेला लागली.