बगळ्याचं टोक

पापनाशमच्या वाटेवर तुळजारामरावांचं एकच खाचर, पण त्याच्या गोष्टी गाडाभर. मार्गळी महिन्याच्या थंडीत भातावर दव साचलं, की सकाळी लांब दोरी दोघांनी दोन टोकांना धरून पिकावरून ओढत न्यायची. दव झडून जातं. पलीकडचं टोक त्यांची बायको कमलाक्षी धरायची. ती वारल्यावर शेजारच्या मणीनं विचारलं, "ऐया, आता टोक कोण धरतं?"

"बगळा. रोज एक मासा मजुरी. एकादशीला तोही घेत नाही."

मणी पोट धरून हसला. पुन्हा कुणी विचारलं नाही. थाप फारच चांगली जमली होती.

यंदा पातींवर डोळ्याच्या आकाराचे करडे डाग पडले. भावाची नात हरिणी कोइमतूरला पिकांच्या रोगांवर काम करते, ती बघायला आली.

"करपा आहे, आजा. बुरशीचा कण वाऱ्यानं येतो, ओल्या पानाला आपल्याच डिंकानं चिकटतो. दवात रुजतो, फुगतो आणि नुसत्या दाबानं पान भोसकून आत शिरतो."

"दात नसताना?"

"नसताना."

"मग आमच्याच कुळातला," बोळकं दाखवत ते म्हणाले.

ती हसली नाही. "पान बराच वेळ ओलं राहिलं तरच हां. दोरी ओढता ना?"

"ओढतो की. बगळा—"

हरिणी बांधाच्या कोपऱ्यात पोचली होती. तिथं खुंट रोवलेला, त्याला दोरी बांधलेली. एकट्या माणसानं ती जिथवर फिरवली तिथवर भात हिरवा, कंपासनं आखावा तसा पाव गोल. पलीकडचं सगळं करपलेलं. ती त्या गोलाकडं बघत राहिली. तुळजारामराव आभाळात बगळे शोधू लागले.

"औषध फवारू," ती हळूच म्हणाली. "पण मणीला बोलवा, आजा. नाहीतर उरलेलंही जाईल."

फवारणी झाली, दुपारच्या बसनं ती गेली.

दुसऱ्या सकाळी दोरी खांद्यावर टाकून ते मणीच्या दारात उभे राहिले. थापा शंभर सुचल्या. 'ये' एवढंच सुचेना.

"बगळा गेला रे," शेवटी म्हणाले. "परत नाही यायचा."

मणीनं नेसलेली वेष्टी वर खोचली, टोक उचललं. "ठाऊक होतं, ऐया. बोलवाल म्हणून थांबलो. पण मासा मीही घेणार."

दोरी ताणली. मधे अख्खं खाचर. एकाचं बोलणं दुसऱ्याला ऐकू जाईना. पलीकडून हिसका आला की हाताला तेवढं कळे, कुणीतरी आहे. कमलाक्षीचा हिसका मात्र वेगळा होता.