झाकण उघडं असेपर्यंत

निजामाचं राज्य गेल्याची खबर निंबटाकळीत पोचली तेव्हा कोणी गुलाल आणला, कोणी मारुतीपुढं नारळ फोडला. तातेराव माली पाटलांनी बैठकीतला फोटो उतरवला.

अकरा वर्षं तो फोटो त्या खिळ्यावर होता. हुजुरांच्या ज्युबिलीचा जल्सा हिंगोलीत झाला तेव्हाचा. अंगात शेरवानी, डोक्यावर तुर्की टोपी, आणि तातेराव जुन्या तहसीलदारापुढं कमरेत वाकलेले. फोटो असा झकास आला होता की वाकलेल्या पाठीवरची शेरवानीची शिवण टाका-टाका मोजून घ्यावी. येणाऱ्याजाणाऱ्याला ते कौतुकानं दाखवत आणि सांगत, "त्या दिशी सायबानं सोता माझा हात हातात घेतला." आता फोटोतले ते तातेराव ज्वारीच्या कणगीमागं भिंतीकडं तोंड करून उभे होते. बैठकीत राहिला खिळा आणि त्याखाली भिंतीवर एक पांढरा चौकोन. येणारा प्रत्येक जण बसायच्या आधी त्या चौकोनाकडं बघायचा.

तातेराव भ्याले होते, हे खोटं कशाला सांगा? हिंगोलीला नवे साहेब आले होते, नागपूरकडचे. गेल्या राज्यात कोण कुणाच्या बाजूनं होता याची चौकशी लागली होती. तातेरावांचा चुलतभाऊ उकंडराव वर्षभर सरहद्दीपलीकडच्या निजामविरोधी कॅम्पात राहून दाढी वाढवून परत आला होता आणि आल्या आल्या त्यानं अर्ज ठोकला होता की, तातेराव निजामाचा माणूस, त्याची पाटीलकी काढा. तीन पिढ्यांची माली पाटीलकी, म्हणजे गावचा सारा गोळा करायचा मान. ती गेली तर तातेरावांजवळ उरणार काय? शेती होती, पण शेती गावात सगळ्यांनाच होती.

तातेरावांनीही उलटा अर्ज केला. पण नुसत्या अर्जानं भागेना असं त्यांना वाटलं. जुनं राज्य फोटोवर चाललं होतं, मग नवं कशावर चालणार? डोकं चाललं आणि ठरलं. दिवाळीच्या अवसेला गावात आझादीचा जल्सा करायचा. जवळा बाजारहून शोभेचं दारूकाम करणारा आणायचा. वर आभाळात हवया फुटतायत, बाजूला तिरंगा, आणि मधोमध खुर्चीवर पांढरी टोपी घालून तातेराव, असा फोटो काढायचा आणि अर्जाला जोडायचा. अर्जात तर त्यांनी आधीच लिहून टाकलं होतं, "सोबतच्या फोटोत अर्जदार अध्यक्षस्थानी बसलेला आहे." हौसेला मोल नाही म्हणतात, पण भ्यालेल्या माणसाच्या हौसेला तर दमही नसतो.

फोटोवाला जुनाच आणावा लागला, कारण दुसरा नव्हताच. हिंगोलीच्या स्टेशन रस्त्यावर मोहनसिंगचं दुकान होतं. जन्म तांड्यावरचा, पोरवयात औरंगाबादच्या छावणीत एका गोऱ्या फोटोवाल्याकडं राबून कसब उचललेलं. ज्युबिलीचा तो फोटो त्यानंच काढला होता. त्या वेळी तातेराव त्याला 'मोहन्या' म्हणत. आता राज्य बदललं होतं.

"या मोहनसिंगजी, या," तातेराव म्हणाले. मोहनसिंगनं मागं वळून पाहिलं, आणखी कोणी आलंय का म्हणून.

दुपारीच त्यानं पाराच्या मागचं रिकामं रान पाहिलं. चिमूटभर माती वर उडवून वारा पाहिला. वारा जवळजवळ नव्हताच. होता तो पाठीमागून. म्हणजे धूर कॅमेऱ्याच्या तोंडावर येणार नव्हता. मग त्यानं तीन पायांची घोडी रोवली, ती हलू नये म्हणून मधल्या कडीला दगड बांधला, लांबच्या बाभळीला कंदील टांगून भिंगाची नजर त्यावर बसवली आणि खुर्ची कुठं ठेवायची तिथं चार खुंट्या मारल्या.

तातेराव हे सगळं बघत होते. "मोहनसिंगजी, ती भक्कन उडती पावडर न्हाई आनली?"

"आभाळाला काय पावडर दाखवायची पाटील? हवई सोताच उजेड हाय."

"मंग मी कसा दिसंन?"

"दोन्ही अंगाला भुईनळे लावू. त्याच्या उजेडात तुमी. पन एक बात बराबर ध्यानात ठेवा." मोहनसिंगनं भिंगावरचं काळं झाकण काढून दाखवलं. "हवई वर चालली की मी हे झाकन काढनार आन वीस मोजनार. वीस झाले की झाकन बंद. असे तीन बार, तिन्ही एकाच काचेवर."

"एकाच? म्हंजे गिचमीड न्हाई व्हनार?"

"अंधारात काच कोरीच ऱ्हाते. उजेड दिसला तेवढाच लिहून घेते. म्हनून हवईचं झाड सबंध उतरते, मुळापासून शेंड्यालोक. पन मानसानं वीस मोजंलोक हलायचं न्हाई. श्वास घ्या, पन त्योबी बेतानं."

"आन हलला तर?"

"हलला त्यो न्हाई येत."

तातेराव मोठ्यानं हसले. "आरं, मी पाटील हाय. मी काहून हलू? गाव माझ्याफुडं हलते."

मोहनसिंगनं मान डोलावली. काच एकच होती. मुंबईहून माल येणं बंद होऊन तीन महिने झाले होते आणि ही शेवटची काच त्यानं ज्वारीच्या कडब्यात गुंडाळून आणली होती.

आता खुर्ची. ती सागवानी, कोरीव पाठीची. हिंगोलीची छावणी उठली तेव्हा तातेरावांच्या बापानं लिलावात घेतलेली. डाव्या हाताच्या टोकाची लाकडी बोंडी तेवढी तुटलेली. खुर्चीमागं कोण, यावर जरा घोळ झाला. नव्या राज्यात पुढारी बायकोसकट फोटो काढतात असं तातेरावांनी कुठंसं ऐकलं होतं. त्यांनी नर्मदाबाईंना बोलावलं.

"म्या न्हाई बाई," नर्मदाबाई म्हणाल्या. "फोटो काढला की आयुष्य घटते म्हनतात."

"हितं पाटीलकी जाऊन राहिली आन तू आयुष्याचं काय घिऊन बसली?"

 लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि या बावीस वर्षांत त्यांच्या आयुष्याला पाटीलकीच्या वर कधी कोणी धरलं नव्हतं. त्यांनी हिरवं लुगडं नेसलं, नथ घातली आणि खुर्चीमागं येऊन उभ्या राहिल्या.

अंधार पडला. गाव जमलं. फोटोचं मशीन दम ओढून घेतं अशी आवई आधीच उठली होती, त्यामुळं गाव असं गप बसलं होतं की शाळेच्या मास्तरांना आपल्या नोकरीची शरम वाटावी. उकंडरावही दाढीसकट पुढच्या रांगेत, कॅमेऱ्याकडं तोंड करून मांडी घालून बसला. सगळे कंदील मोहनसिंगनं विझवायला लावले. तातेराव पांढरी टोपी घालून खुर्चीवर विराजमान झाले. टोपी नवी असल्यानं जरा वर राहत होती. तिरंगा वाऱ्यावाचून सरळ लोंबत होता.

एकच गोष्ट तातेरावांच्या मनात घर करून होती. साहेबांना जल्शाचं बोलावणं गेलं होतं. 'जमलं तर येऊ' असा निरोप आला होता. आता जमलं तर म्हणजे कधी, हे साहेब लोक कधी सांगत नसतात. म्हणून तातेरावांचा एक कान रस्त्याला लागलेला होता.

भुईनळे पेटले. पहिली हवई सुं करून निघाली. मोहनसिंगनं झाकण काढलं. "एक... दोन..."

रस्त्यावर खुळखुळ वाजलं आणि कंदील हलताना दिसला. तातेराव खुर्चीतून उठले. ठरवून नव्हे, ते बिचारे तसेच बसून राहायचं म्हणत होते, पण कंबर त्यांची राहिली नव्हती. तीस वर्षांत जो कोणी कागद घेऊन किंवा घोड्यावरून गावात शिरला, त्याच्यासाठी ती आपोआप उठत आली होती. दोन पावलं पुढं जाऊन, हात जोडून, ते रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले. कंदील जवळ आला. पुसेगावचा कापसाचा दलाल होता, छकड्यात बसलेला. त्यानं "राम राम" केलं आणि छकडं पुढं गेलं. तातेराव परत येऊन बसले तोवर मोहनसिंगचे वीस झाले होते.

दुसऱ्या बाराला सायकलची घंटी वाजली. साहेब सायकलवर येत नसतात हे तातेरावांना ठाऊक होतं. पण साहेबांचा चपराशी येतो. तातेराव उठले. तो टपालवाला निघाला. गुत्त्यातून उशिरा घरी चालला होता.

तिसरा बार मोठा होता. तीन हवया एकदम सुटल्या आणि आभाळात लाल-पिवळ्या उजेडाची अशी काही झाडं उभी राहिली की म्हाताऱ्यांच्याही तोंडातून "आबाबा" निघालं. बाकी कोणी हललं नाही. नेमकं त्याच वेळी बाभळीकडून कोणी तरी भरभर येताना दिसलं. तातेराव ताडकन उठले, टोपी सावरली, आणि सलामासाठी उजवा हात उठला. तो आदाब की नमस्ते हे हातालाच ठरेना म्हणून मधेच थांबला. येणारा दगडोबा होता, त्यांचाच सालगडी. कंदिलात तेल घालू का, असं विचारायला आला होता. आयुष्यात पहिल्यांदा मालकानं आपल्याला सलाम केला हे पाहून तो जागीच थिजला.

"वीस," मोहनसिंग म्हणाला आणि त्यानं झाकण लावलं.

कापडाखालून बाहेर येऊन त्यानं घाम पुसला. "पाटील, तुमी हलले."

"मी?" तातेरावांना खरोखर राग आला. "बोट तरी हलवलं का मी? इचार हिला."

नर्मदाबाई नथ काढू लागल्या. नवऱ्याला मागून उठताना पाहायची त्यांना बावीस वर्षांची सवय होती. पण आजवर त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं, तर आजच काय म्हणून सांगतील?

"काच सांगंल," मोहनसिंग म्हणाला.

"सांगू दे ना. जसा येईल तसा फोटो सरळ सायबाकडं नेऊन दे. मला दाखवत बसू नको, अर्ज तिकडं तटून राहिला." भलत्या घाईत 'जी' गळून पडला होता.

मोहनसिंगनं सांगितलं तसं केलं. आठव्या दिवशी तातेरावांना हिंगोलीला बोलावणं आलं.

साहेब तरुण होते, चष्मेवाले. टेबलावर फोटो होता. "बसा पाटील," ते म्हणाले. तातेराव खुर्चीच्या काठावर टेकले.

"फोटो सुंदर आहे. अशी आतषबाजी मी नागपुरातही पाहिली नाही." साहेबांनी फोटो त्यांच्यापुढं सरकवला.

तातेरावांनी पाहिलं. हवयांची झाडं खरंच मुळापासून शेंड्यापर्यंत उतरली होती. झेंडा होता. पुढच्या रांगेत उकंडराव दाढीच्या केसाकेसानिशी बसला होता. खुर्चीमागं नर्मदाबाई उभ्या होत्या, नथीचा मोतीन् मोती दिसत होता, आणि त्या थेट बघणाऱ्याच्या डोळ्यांत बघत होत्या. मधोमध सागवानी खुर्ची होती. खुर्चीवर धुरासारखं काहीतरी पुसट होतं. भुईनळ्याचाच धूर असावा. 

"या बाई कोण?"

"आमची मंडळी हाय सायब."

"आणि तुम्ही?"

तातेरावांनी खुर्चीवर बोट ठेवलं. "ही खुर्ची माझीच हाय सायब. ही डावी बोंडी तुटलेली हाय, पहा. गावात कोनालाबी इचारा."

"खुर्चीबद्दल मला शंका नाही," साहेब म्हणाले.

तेवढ्यात मागचं दार वाजलं. चपराशी चहाचा ट्रे घेऊन आत आला. तातेराव उठले. खुर्ची मागं सरकली, हात जोडले गेले, तोंडातून "या, या" निघून गेलं. चपराशी गोंधळला, कपबशा वाजल्या. साहेबांनी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडं पाहिलं. मग फोटोतल्या खुर्चीकडं पाहिलं. मग चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि अर्जाच्या कडेला दोन ओळी लिहिल्या. टेबल लहान होतं. उलटं असूनही तातेरावांना वाचता आलं.

'सोबतचा फोटो पाहिला. फोटो बिनचूक आहे. अर्जदार त्यात नाही.'

"चहा घ्या," साहेब म्हणाले. आवाज वाईट नव्हता.

पाटीलकी गेली हे तातेरावांना कळलं. ओरडावं, पाया पडावं, त्या मोहन्याच्या कॅमेऱ्यात दगड घालावा, असं सगळं त्यांच्या मनात येऊन गेलं. पण साहेबांनी चहा घ्या म्हटलं होतं. त्यांनी चपराशाच्या हातून दोन्ही हातांनी कप घेतला, साहेबांकडं वळून कमरेत वाकले आणि साहेब मान वर करेपर्यंत तसेच राहिले. साहेब दुसरा कागद वाचत होते. चांगली वीसची गिनती झाली असेल. त्या घडीला मोहनसिंग तिथं असता तर पाठीवरची शिवणसुद्धा स्पष्ट आली असती.