स्टोव्हची पिन

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात पहिला नंबर आला, त्याला आठ दिवस झाले होते, तरी शकुचे पाय अजून जमिनीला टेकले नव्हते. दिसेल ते खोलून बघावं, आणि खोललं की आपल्याला ते कळणारच, अशी नववीतल्या शकुची पक्की खात्री!

घाटकोपरला तिच्या बाबांचा, भाऊरावांचा, सुतारकामाचा गाळा होता आणि गाळ्यामागेच घर. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की दप्तर टाकून ती गाळ्यात हजर. त्या दिवशी ट्रॉम्बेच्या एका कँटीनच्या टेबलांचं काम चाललं होतं. फळीवर आणि सनमायकाच्या पाठीवर फवाऱ्याच्या गनने चिकटवायचं सोल्युशन मारायचं, ते हाताला चिकटेनासं झालं की दोन्ही एकमेकांवर दाबून बसवायची. फवारायचं काम धाकूमामांचं. मालवणकडचे, साठीला टेकलेले. त्यांनी गन धरली की सोल्युशन कसं दव पडल्यासारखं पडायचं.

पण आज गनचं नोझल तुंबलं होतं. धाकूमामांनी ते काढून थिनरच्या वाटीत टाकलं.

"हात लावू नको हां गो बाय. भिजू दे," म्हणाले आणि बाबांबरोबर चहाला गेले.

शकुने वाटीत डोकावून पाहिलं. पितळेचं एवढंसं नोझल, त्याला बारीकसं भोक. अय्या, हे तर आपल्या स्टोव्हसारखंच! आई रोज पिन घालते की नाही? एका मिनिटाचं काम, आणि ही मोठी माणसं तासभर भिजवत बसणार!

ती धावत घरी गेली, पिन आणली आणि भोकात खुपसली. जाईना. मग जोर लावून पिळली. खट्‌! वाळलेली गुठळी बाहेर उडाली. शकुने नोझल उजेडाला धरलं. आरपार दिसत होतं, झकास! आत्ता कुणाला सांगायचंच नाही, असं तिने ठरवलं. आधी चमत्कार, मग टाळ्या. पिन घरी जागेवर, नोझल परत वाटीत.

धाकूमामांनी येऊन नोझल बसवलं आणि गन दाबली. एका बाजूने फवारा, दुसऱ्या बाजूने थुंकी. फळीवर गुठळ्याच गुठळ्या. पुसून पुन्हा मारलं, तर पुन्हा तेच.

शकुने चटकन नोझलकडे पाहिलं. आपली पिन!

बाबा बराच वेळ धाकूमामांच्या मनगटाकडे बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "धाकूदादा, हात थरथरतोय का रे?"

"नाय... काय समजत नाय."

"राहू दे. तू आता फळ्या घासायला पॉलिशपेपर मार. सोमवारपासून तो नवा कारागीर सीताराम फवारेल."

बोल, शकु, बोल! तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. प्रदर्शनात पाहुण्यांसमोर धडाधड बोलणारी ती हीच का? ती गुपचूप घरात सटकली, तर आई स्टोव्हपाशी पिन हातात धरून उभी.

"ही गं कुणी वाकवली?"

"मला काय माहीत?" शकु म्हणाली, आणि हे खोटं मघाच्या गप्प राहण्यापेक्षाही सहज जमलं, याचीच तिला जास्त लाज वाटली.

ती पुन्हा गाळ्याच्या दाराशी आली. बाबा आतल्या बाजूला फळ्या मोजत होते. कोपऱ्यात धाकूमामा एकटेच उभे होते. काठोकाठ पाण्याचा पेला त्यांनी हात लांब करून धरला होता आणि पाणी हलतंय का, ते एकटक बघत होते.

शकुला रडूच फुटलं.

"मामा, हात नाही हो! मी... मी नोझलमध्ये स्टोव्हची पिन घातली."

त्यांनी पेला खाली ठेवला. नोझल काढून उजेडाला धरलं. गोल भोक एका अंगाने ओरबाडून लांबट झालं होतं.

"पितळ ना गो ता! भिजवून झाडूचो हीर घालूचो. लोखंड घालतत?" मग जरा थांबून म्हणाले, "आणि मी म्हटलंय, माझो हात गेलो."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"आता बापाशीक तूच सांग."

शकुने सांगितलं. अडखळत, पण सगळं, पिनेबद्दल आईशी खोटं बोलली तेसुद्धा. बाबांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. ते सरळ धाकूमामांकडे गेले आणि त्यांच्यासमोरचा पॉलिशपेपर उचलून बाजूला ठेवला.

"चुकलं माझं, धाकूदादा. विचारायला हवं होतं."

"गन बघूया," धाकूमामा एवढंच म्हणाले.

डब्यात एक जुनं नोझल होतं. शकुने ते थिनरमध्ये भिजवलं, हीर फिरवून साफ केलं आणि खाली मान घालून पुढे केलं. धाकूमामांनी ते बसवलं, फळीवर गन फिरवली. दव पडल्यासारखं सोल्युशन पडलं, एकसारखं.

"बघ! आहे ना हात?" बाबा हसून म्हणाले.

धाकूमामाही हसले. पण दुसरी फळी घेण्याआधी त्यांनी हात डोळ्यांसमोर धरून क्षणभर पाहिला. तिसरीच्या आधीही पाहिला. इतक्या वर्षांत शकुने त्यांना असं करताना कधीच पाहिलं नव्हतं.