दोघांची होडी

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. पण आज तुम्ही मला पाहिलंत तर होडी म्हणणार नाही. एका इमारतीच्या तळघरात, सायकलींच्या मागे दोन लांबट पिशव्या उभ्या आहेत. एकीत लाकडी दांडे आणि बरगड्या, दुसरीत रबर आणि निळ्या कॅनव्हासचं कातडं. त्या दोन पिशव्या म्हणजे मी. मी घडीची होडी आहे. मला खांद्यावर मारून रेल्वेनं नेता येतं आणि पाण्याच्या काठावर अर्ध्या तासात उभं करता येतं. माझ्यात बैठका दोन, एकामागे एक.

माझा जन्म १९७४ सालचा. तेव्हा जर्मनी दोन होत्या आणि मी पूर्वेकडच्या जर्मनीत, एल्बे नदीजवळच्या एका कारखान्यात तयार झाले. तिथल्या बायकांनी माझा कॅनव्हास दुहेरी टाक्यानं शिवला. एका सुतारानं माझ्या बरगड्या वाफेवर वाकवल्या आणि प्रत्येकीवर बोट फिरवून कुसळ राहिलं नाही ना ते पाहिलं. माझ्यासाठी हार्टविग ग्रोटे आणि त्याची बायको इर्मट्राउट यांनी तीन वर्षं नंबर लावून वाट पाहिली होती.

ग्रोटे मेक्लेनबुर्गच्या तळ्यांच्या मुलखात, ड्रेवेन नावाच्या गावात राहायचा. एका तळ्यातून दुसऱ्यात बोटी सोडायचं जे जलद्वार असतं, त्यावर त्याची नोकरी. दिवसभर दुसऱ्यांच्या बोटी सोडायच्या आणि रविवारी आपली काढायची. तो मागे बसून दिशा सांभाळी, ती पुढे बसे. पस्तीस उन्हाळे मी त्या दोघांना वाहिलं. मग इर्मट्राउट गेली. त्यानं माझी घडी केली नाही. उभीच्या उभी शेडच्या आढ्याला टांगली आणि सहा वर्षं माझ्याकडे मान वर करून पाहिलं नाही.

सातव्या वर्षी हिमेना आली.

ती चिलोएची, म्हणजे जगाच्या पार दुसऱ्या टोकाच्या एका बेटावरची. तालुक्याच्या इस्पितळात नर्स म्हणून तिला बोलावून घेतलं होतं. आडनाव ओयार्सून. तिचं नर्सिंगचं शिक्षण इथे मान्य व्हायला दीड वर्ष लागलं. तोवर ती परीक्षा देत होती, अर्ज भरत होती आणि नर्स असून नर्सच्या हाताखाली राबत होती. इस्पितळातली माणसं वाईट नव्हती. सकाळी नमस्कार, संध्याकाळी नमस्कार, मध्ये काही नाही. सुट्टीच्या दिवशी खोलीत बसलं की भिंती अंगावर येत, म्हणून ती बाहेर पडे. पळायची, सायकल मारायची, हिवाळ्यात बर्फावरून घसरत जंगल पालथं घालायची. आणि पोहायची.

ऑक्टोबरच्या एका दुपारी ती तळ्यात, ग्रोटेच्या घराच्या लाकडी धक्क्यासमोरून पोहत चालली होती. तो ओरडला, "बाई, ऑक्टोबर चालू आहे, ठाऊक आहे ना?"

ती थांबली. म्हणाली, "आमच्या गावी भर उन्हाळ्यातही पाणी असंच गार असतं."

"मग तुमच्या गावी उन्हाळा कशाला म्हणतात?"

"पाऊस थोडा कमी झाला की म्हणतात."

तो हसला. सहा वर्षांत त्याचं हसणं मी प्रथमच ऐकलं. त्यानं तिला कोरडं व्हायला शेडमध्ये आणलं, कॉफी दिली. तिची नजर वर गेली. ती स्टुलावर चढली आणि आतून माझ्या बरगड्या चाचपू लागली. म्हणाली, "माझे बाबा होड्या बांधतात. त्यांच्या बरगड्यांनाही अशीच गोलाई असते."

ग्रोटेनं पुढच्या रविवारी मला खाली उतरवलं.

त्यानंतरची आठ वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात भरलेली. मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत एक रविवार रिकामा गेला नाही. तो मागे, ती पुढे. डब्यात राय ब्रेड आणि धुरावलेला मासा. तो तिचं जर्मन सुधारी आणि ती त्याचं वल्हवणं. "पाठीनं ओढा, ग्रोटेसाहेब, हातानं नको. बाबा इथे असते तर काठीच घातली असती." तिची सरकारी पत्रं तो पाण्यावर मोठ्यानं वाचून दाखवी. त्या भाषेनं तोही वैतागे. म्हणे, "मी इथे जन्मलो, तरी मला हे कळत नाही."

मित्रांनो, त्या देशात मोठी माणसं एकमेकांना वर्षानुवर्षं 'तुम्ही' म्हणतात. त्यातला वडील असेल त्यानं आपण होऊन सांगायचं, की आता 'तू' म्हण. एकदा तसं झालं की मागे फिरायचं नसतं. तिसऱ्या वर्षी, एका बेटावर मला ओढून ठेवलेलं असताना, ग्रोटेनं हात पुढे केला.

"मी हार्टविग. आता तू म्हण."

ती म्हणाली, "आमच्याकडे बापालाही तुम्हीच म्हणतात. मी बाबांना अजून तुम्हीच म्हणते."

"मग तुला जड जाईल."

"जाईल. पण म्हणेन."

आणि त्या दिवसापासून ती त्याला तू म्हणू लागली.

बापाला ती दर रविवारी संध्याकाळी फोन करी. शेड आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक फळ्यांची भिंत होती, त्यामुळे मला तो आवाज ऐकू येई. स्पॅनिश ही तिची भाषा मला येत नव्हती. पण फोनवर तिकडचा म्हातारा मध्येच खोकायचा, आणि ती आधी गप्प व्हायची, मग मुद्दाम हसत बोलायची. नवव्या वर्षी तो खोकला लांबला. तिनं रजा साठवली, फेब्रुवारीच्या दोन तारखेच्या विमानाचं तिकीट काढलं. चार वर्षांनी ती घरी जाणार होती.

जानेवारीच्या वीस तारखेला ग्रोटे धक्क्यावरच्या बर्फावरून घसरला आणि त्याच्या खुब्याचं हाड मोडलं. त्याची मुलगी सिल्के दक्षिणेत, सातशे किलोमीटरवर. ती दोन दिवस येऊन गेली. शस्त्रक्रिया झाली, त्याला घरी आणलं, खाट स्वयंपाकघरात घातली. भिंतीपलीकडून मी त्याला म्हणताना ऐकलं, "हिमेना, मी कुबड्यांवर उभा राहीपर्यंत थांबशील? दोन-तीन आठवडेच."

कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "थांबते."

तिनं विमान तीन आठवडे पुढे ढकललं. त्या संध्याकाळी बापाशी ती बराच वेळ बोलली. शेवटी तिकडून म्हातारा काहीतरी म्हणाला, आणि ती खरंच हसली.

फेब्रुवारीच्या मध्याला, एका दुपारी ती एकटीच शेडमध्ये आली. ग्रोटेला व्यायामाला नेलं होतं. तिनं मला पाण्यात घातलं, पुढे न बसता मागे बसली. तळ्याच्या कडेला पातळ बर्फ होता, तो माझ्या नाकाखाली काचेसारखा फुटत गेला. मध्यावर जाऊन तिनं वल्हं आडवं ठेवलं. पाऊस पडत होता. ती दोन तास तशीच बसली. किती वेळ रडली ते सांगता येत नाही, पण माझ्या तळाशी जे पाणी साचलं ते सगळं पावसाचं नव्हतं.

परत आल्यावर तिनं मला दोन दिवस वाळत टांगायचं, ते टांगलं नाही. ओलीच घडी घातली, पिशव्यांत कोंबली आणि ग्रोटेच्या तळघरात बटाट्यांच्या पेट्यांमागे नेऊन टाकली. जिना चढून गेली. मागे वळून पाहिलं नाही.

तळघरात आठ महिने गेले. माझ्या कॅनव्हासवर बुरशी चढली. खिट्ट्या गंजल्या, दोन बरगड्या फुगून फाटल्या, उंदरांनी एक कोपरा कुरतडला. वर उन्हाळा होता, तळ्यावर बोटी होत्या. ग्रोटेला अजून माझ्यात बसता येत नव्हतं, म्हणून त्यानं मला शोधलं नाही. मला वाटे, एवढी वर्षं वाहिलं, माझं काय चुकलं?

ऑक्टोबरात ग्रोटे काठी टेकत बटाटे न्यायला उतरला. त्याला वास आला. त्यानं पिशवी उघडली आणि तिला हाक मारली.

"हे तू केलंस?"

"हो."

"ओली घडी घातलीस? आठ वर्षांत मी तुला हेच शिकवलं? अगं, पहिल्यांदा होडी पाहणारासुद्धा असं—"

"बाबा वारले त्या दिवशी."

तळघरातला दिवा बारीक आवाज करत होता. ग्रोटेनं काठी दोन्ही हातांनी धरली.

"कधी?"

"फेब्रुवारीत. तुम्ही कुबड्यांवर चालायला शिकत होतात."

"तू म्हणालीस, इस्पितळानं रजा नाकारली. म्हणालीस, ते बरे आहेत. गेल्या रविवारीसुद्धा म्हणालीस."

"म्हणाले."

"का, हिमेना?"

"सांगितलं असतं तर तुम्ही माझ्यासमोर रडला असता. मग मला तुम्हालाच समजवावं लागलं असतं. दिवसभर इस्पितळात मी तेच करते. माझ्याच बापाच्या वेळी मला ते करायचं नव्हतं."

"मी तुला थांब म्हणालो होतो."

"आणि मी थांबले. बाबाही तेच म्हणाले. 'त्या म्हाताऱ्याला आधी उभं कर, मी कुठे पळून जातोय?' म्हणाले." तिचा आवाज आतापर्यंत सरळ होता. तो आता वाकला. "रोज सकाळी मी तुमची पाठ पुसत होते. त्यांना शेवटची अंघोळ शेजारणीनं घातली."

ग्रोटे बटाट्यांच्या पेटीवर बसला.  मग तिनंच त्याच्या कमरेत हात घालून त्याला उठवलं आणि एकेक पायरी वर नेलं. जाताना मी ऐकलं, ती म्हणत होती, "सावकाश, तुम्ही कठड्याला धरा." मागे फिरायचं नसतं, तिथून ती मागे फिरली होती. ते 'तुम्ही' परक्याला म्हणायचं होतं की बापाला म्हणायचं, हे मला आजही कळलेलं नाही.

त्या हिवाळ्यात ग्रोटेनं मला दुरुस्त केलं. बसून बसून खुबा दुखे. त्यानं व्हिनेगरच्या पाण्यानं बुरशी पुसली, वाफेवर दोन नव्या बरगड्या वाकवल्या, त्यातली एक मोडली, ती पुन्हा वाकवली. हिमेना रविवारी यायची, त्याच्या आठवड्याच्या गोळ्या डबीत लावायची आणि जायची. शेडमध्ये पाऊल टाकत नव्हती. जानेवारीतल्या एका रविवारी मात्र ती दारात उभी राहिली. तो एका हातानं कॅनव्हास ताणून दुसऱ्या हातानं ठिगळ चिकटवायचा प्रयत्न करत होता आणि ते जमत नव्हतं. ती आत आली आणि दुसरं टोक धरलं.

मे महिन्यात त्यांनी मला पाण्यात घातलं. तो म्हणाला, "मी पुढे बसतो. मागची जागा आता तुझी."

पुढे बसणाऱ्याला मागच्याचं तोंड दिसत नाही. मला वाटतं, त्यामुळेच ते झालं. तळ्याच्या मध्यावर आल्यावर ग्रोटेनं वल्हं थांबवलं आणि समोर बघतच विचारलं, "तुझ्या बाबांचं नाव काय होतं?"

मागचं वल्हं थांबलं.

"नऊ वर्षं मी 'तुझे बाबा' म्हणत आलो," तो म्हणाला. "नाव कधी विचारलंच नाही."

"बेलिसारियो," ती म्हणाली. आणि मग म्हणाली, "या देशात हे नाव मी आज पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारलं."

"बेलिसारियो," ग्रोटे म्हणाला. चुकीचं म्हणाला. तिनं दुरुस्त केलं. त्यानं पुन्हा म्हटलं.

मग ती बोलू लागली. बापाच्या एका हाताची तीनच बोटं शाबूत होती, दोन करवतीनं नेली होती. माते, म्हणजे तिकडचा कडवट पानांचा चहा, पिताना तो भांडं दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही. शेवटची होडी त्यानं अर्धीच बांधली होती, आणि शेजारणीनं त्याला त्या होडीच्या शेडमध्ये, डांबराच्या डब्याशेजारी पडलेलं पाहिलं. ती बोलत राहिली, मध्येच तिच्या भाषेत शिरली, परत आली. ग्रोटे समोर बघत ऐकत होता. त्याचे खांदे हलत होते, पण त्यानं आवाज होऊ दिला नाही. तिला समजवायला लागू नये म्हणून.

त्या नोव्हेंबरात ग्रोटे आपल्या खुर्चीत, दुपारच्या झोपेत गेला. चर्चमध्ये पहिल्या दोन ओळी घरच्यांसाठी होत्या. हिमेना चौथ्या ओळीत बसली. पेपरातल्या निधनवार्तेत घरच्यांची नावं होती, तिचं नव्हतं. असायचं कारणही नव्हतं, ती कोण? पण नंतर घर विकायला काढलं तेव्हा सिल्केनं मला तिच्या हाती दिलं. म्हणाली, "वडिलांनी तसं लिहून ठेवलंय. तुमचं त्यांच्याशी नक्की काय नातं होतं, मला कधी कळलं नाही."

हिमेना म्हणाली, "मलाही नीट सांगता येणार नाही."

आता मी तिच्या इमारतीच्या तळघरात असते. ती अजून ड्रेवेनमध्येच आहे. तिनं चिलोएला जायचं दोनदा ठरवलं आणि दोनदा रद्द केलं. तिकडे आता कुणाला भेटायचं, असं ती एकदा फोनवर कुणाला तरी म्हणाली. रविवारी मला पाण्यावर नेते. पुढची जागा रिकामी राहिली की माझं नाक वर उचललं जातं आणि वारा मला फिरवतो, म्हणून तिथे ती पाण्यानं भरलेले दोन कॅन ठेवते. परत आल्यावर मला दोन दिवस गॅलरीत वाळवते. शेजारी कुरकुर करतात.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी वस्तू तुमच्या घरात असेल तर तिला वर्षातून एकदा तरी बाहेर काढा, पुसा, वाळवा. एवढं तर कुणीही सांगेल. माझी विनंती दुसरी आहे. तुमच्या शेजारी, तुमच्या कामावर, तुमच्या गल्लीत दूर देशाहून आलेलं कुणीतरी असेल. ते नीट बोलत असेल, हसत असेल, रविवारी सायकल घेऊन एकटंच कुठेतरी जात असेल. त्याला तिकडचं हवामान विचारू नका, ते सगळे विचारतात. त्याच्या आईबापाची नावं विचारा. आणि उच्चार चुकला तर चुकू द्या. ते माणूस दुरुस्त करेल, आणि तुमच्या तोंडून ते नाव पुन्हा एकदा ऐकेल.