स्वल्पविरामाची शिट्टी

नाक सुंदर झालं, यात वाद नव्हता. फक्त ते शिट्टी मारायचं.

बाई अंधांच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करत. वीस वर्षं आवाजावर पोट भरत होतं, आणि जन्मापासून पोपटाच्या चोचीसारखं नाक होतं, आईकडून आलेलं. चाळिशीत त्यांनी ते तासून घेतलं आणि घरी सांगितलं, सायनसचं ऑपरेशन. आईची दृष्टी चार वर्षांपूर्वीच गेली होती, त्यामुळे थाप पचेल असा त्यांचा अंदाज. सूज उतरली आणि शिट्टी सुरू झाली, दर स्वल्पविरामाला एक. खुनाच्या प्रसंगात तर कुणीतरी कुकर लावलाय असं वाटे.

सर्जनने नाकात दुर्बीण घातली. "दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याला भोक पडलंय. होतं कधीकधी."

"मग आता?"

"मिठाच्या पाण्याने ओलं ठेवा. नाहीतर भोकात सिलिकॉनचं बटण बसवू. किंवा वर्ष उलटल्यावर कानातली कूर्चा घेऊन पुन्हा ऑपरेशन. यश येईलच असं नाही."

"आधीचं नाक परत मिळेल?"

"काढलेलं आम्ही ठेवत नाही," सर्जन म्हणाले.

वर्ष सरायला सात महिने होते आणि पुस्तकं काही थांबणार नव्हती. शिट्टी ग्रंथालयाच्या वरिष्ठांपर्यंत ऐकू गेली असती, तर बाईंच्या जागी दुसरी बाई आली असती. ध्वनिमुद्रण करणाऱ्या काकांनी मार्ग काढला. शिट्टी श्वासात होती, म्हणून त्यांनी ध्वनिफितीतून श्वासच कापले, एकूण एक. पुस्तक धुतल्या तांदळासारखं झालं.

पहिली प्रत नेहमीप्रमाणे आईकडे गेली. तिसऱ्याच दिवशी आईने बाईंना समोर बसवलं.

"तुला काय झालंय गं?"

"कुठं काय?"

"पाच पानं वाचलीस, एकदा श्वास घेतला नाहीस. मेलेलं माणूस वाचतंय असं वाटलं मला. आजार लपवतेस ना?"

बाईंनी बोलायला श्वास घेतला. तेवढ्यात नाकाने शिट्टी मारली.

"इकडे ये."

आईची बोटं बाईंच्या कपाळावरून खाली आली, उंचवट्याच्या जागी थांबली, परत वर गेली, परत खाली आली. बाईंना लाज वाटली, नाक तासून घेतल्यापासून पहिल्यांदाच.

"मलाही आपलं ते नाक कधी आवडलं नाही," आई म्हणाली. "दुखलं का फार?"

"हो. आणि ही शिट्टी मागे राहिली. ती लपवायला काकांनी श्वास कापले."

"दुरुस्त कर, नाहीतर राहू दे. पण श्वास कापू नका. तू खोलीत आहेस, हे मला तेवढ्यावरच कळतं."

दुसऱ्या दिवशी बाई स्टुडिओत गेल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

"काका, कापलेले श्वास कुठं टाकलेत?"

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि कपाटातून फितीच्या तुकड्यांची एक डबी काढली. "टाकीन कशाला? सगळे ठेवलेत."