आवतन घ्या, मगच लढा

अमोलसारखा धाडखोर अख्ख्या ‘शिवारा’त दुसरा नव्हता, आणि गड्याला त्याचा भारी माज. ‘शिवार’ म्हणजे इंटरनेटवरचा खेळ. अकोल्याच्या कॉलेजात त्याच्याच वर्गातल्या हीनानं तो एकटीनं रचलेला. नाव नोंदवलं की पाच एकर मिळायचे. पेरा, विहीर खणा, कापूस वेचा, नाहीतर माणसं जमवून दुसऱ्याच्या वावरावर धाड घाला. खऱ्या वावरात ओळीनं तीन वर्षं काही पिकलं नव्हतं, म्हणून परतवाडा-वरूडपर्यंतची पोरं कॅफेत बसून इथं तरी पीक घ्यायची. ते पीक अमोल एका दुपारीत साफ करायचा.

खेळ कॉलेजच्या एका जुन्या कॉम्प्युटरवर चालायचा. सरांनी एक दिवस सांगून टाकलं, “पोळ्याच्या दिवशी तीनशे खेळणारे दाखव, नाहीतर मशीन ऑफिसात जाईल.” होते एकशे ऐंशी, आणि आकडा रोज घसरत होता. हीनाची दोन वर्षांची मेहनत पाण्यात जायची वेळ आली.

पण ती काही रडत बसणारी नव्हती. सोडून गेलेल्यांनाच ती विचारायला निघाली. मूर्तिजापूरच्या स्टेशनजवळ पुंजाजींचं सायकलचं दुकान. साठीचा म्हातारा शेजारच्या कॅफेत रोज तासभर खेळायचा. अमोलही तिच्यासोबत गेला, कारण त्याचं गाव तिथून जवळ.

“काका, काहून सोडलं खेळनं?”

“बिनआवतनाचं कोनी कोनाच्या पंगतीत बसते का, माय?” पुंजाजींनी चहा पुढं केला. “इथं तं बिनआवतनाचे येऊन चूलच फोडतेत. पयलं बोंड फुटलं नाही, तं कोन्या मुडद्यानं अख्खं वावर नेलं.”

तो मुडदा समोरच बसला होता. अमोलनं कपात जे तोंड घातलं, ते काढलंच नाही.

दुसऱ्या दिवशी हीनानं नियम लावला. धाडीआधी आवतन, म्हणजे बोलावणं, द्यायचं. समोरच्यानं घेतलं तरच त्याच्या वावरात लढाई.

“खेळाची तेरवीच घातली तू!” अमोल भडकला. “मारामारी नाही तं पोट्टे काय करतीन, भजन?” त्यानं खेळणं सोडलं, आणि त्याच्यामागं सगळे धाडखोर गेले. आकडा नव्वदवर आला.

उरलेल्यांची तर तऱ्हाच न्यारी. आवतन नाकारायची सोय होती, पण नाकारेल तो वऱ्हाडी कसला! दारी आलेलं आवतन परत धाडायचं म्हणजे चार लोकांत काय शोभा? नवी पोरं मुकाट ‘घेतलं’ दाबायची आणि मार खायची. हीनानं हातापाया पडून परत आणलेले पुंजाजीसुद्धा दोनदा लुटले गेले. अमोल हे ऐकून हसत सुटला. मग त्यानं हीनाचा चेहरा पाहिला आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

“चुकलं माहं,” ती म्हणाली. “आपल्या लोकाईले नाही म्हनताच येत नाही, हे मी कशी विसरली?”

दुसरी असती तर तिनं नियम मागं घेतला असता. हीनानं त्यात एक ओळ वाढवली: आवतन ज्याचं, जेवण त्याच्याच घरी. लढाई बोलावणाऱ्याच्या वावरात. पाहुणा हरला तर हात हलवत घरी जाईल. यजमान हरला तर पीक पाहुण्याचं. यजमान जिंकला तर खेळात सगळ्यांना दिसणाऱ्या चावडीच्या पानावर त्याचं नाव.

अमोल वाचतच राहिला. काय डोकं आहे बाप्पा या पोरीचं! दुबळी पोरं आता आवतनाची वाट पाहू लागली, आणि लढाई पाहायला गर्दी व्हायला लागली. आकडा दोनशे सत्तरपर्यंत चढला आणि तिथंच अडला. अमोलनं लुटलेले आणि अमोलसोबत रुसलेले, दोन्ही बाहेरच होते.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तो घरी बैलांच्या खांद्याला लोणी-हळद चोळत होता. “आज आवतन घ्या, उद्या जेवायले या,” रिवाजाप्रमाणं तो बैलांना म्हणाला, आणि तसाच हात धुऊन मूर्तिजापूरच्या कॅफेत गेला. आजवर ज्यांना ज्यांना लुटलं, त्या सगळ्यांना त्यानं चूलबंद आवतन धाडलं: घरची चूल पेटवू नका, सगळे या. सोबतच्या धाडखोरांनाही बोलावलं, पण पाहुणे म्हणून.

पोळ्याच्या दुपारी अमोलच्या पाच एकरांत एक बोंड उरलं नाही. हीनाचा अकोल्याहून फोन आला. “चारशे बारा! अमोल, चारशे बारा!” ती हसत होती की रडत होती, देव जाणे. अमोलचे डोळे मात्र भरून आले.

कॅफेत बाजूच्या खुर्चीवर पुंजाजी लुटीचा कापूस भरत होते.

“काका,” तो म्हणाला, “तो मुडदा मीच.”

“मालूम हाय. त्या दिवशी कप रिकामा झाला तरी तू तोंड काढत नोहता.” म्हाताऱ्यानं मान वर केली नाही. “उद्या माह्याकडं ये जेवायले. चूलबंद.”