दोरीचं माप

संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ होता, म्हणून त्या दिवशी गिरणीही बंद आणि शाळाही बंद. भोईवाड्यातल्या चाळीत जाईबाई भरदुपारी घरात सापडली, हीच नवलाची गोष्ट. एरवी ह्या वेळेला ती वायंडिंग खात्यात सूत गुंडाळत उभी असायची. आज ती सूप घेऊन तांदूळ निवडत होती आणि तिची सातवीतली लेक कांता भिंतीला टेकून उद्याच्या गृहपाठाचं उत्तर घोकत होती.

"धड्यातली आई निष्काळजी व कठोर मनाची आहे. ती आपल्या दोन वर्षांच्या मुलाला दोरीने खांबाला बांधून मजुरीला जाते."

जाईबाईचा हात सुपात थांबला. "कोण म्हणतं निष्काळजी?"

"गंगाधर मास्तर. त्यांनीच उत्तर सांगितलंय."

"तुझ्या मास्तराने किती पोरं सांभाळली गो? धडा वाच. सगळा."

कांताने तोंड वाकडं करत वाचला. पोर रडतं, शेजारीण येऊन सोडवते, सगळा गाव आईला नावं ठेवतो. मध्येच एक ओळ होती, दोरी पाण्याच्या तांब्यापर्यंत पुरत होती, चुलीपर्यंत पुरत नव्हती.

"थांब. तेवढंच परत वाच."

कांताने वाचलं.

"कळलं काय?"

"त्यात काय कळायचं?"

सात वर्षं शाळेत धाडून पोरीला एक दोरी वाचता येत नाही, जाईबाईच्या मनात आलं. स्वतः ती दुसरीतच उठलेली, पण एवढं तिला पाटीशिवाय कळत होतं.

"निष्काळजी बाई दोरी मापत बसते काय? तिने आधी चूल बघितली, मग तांबा बघितला. पोराचा हात कुठवर जातो ते बघितलं आणि मग गाठ मारली. कमरेला."

"कमरेला असं धड्यात नाहीये."

"नसेल. लिहिणाऱ्याने पोर बांधलं असतं तर लिहिलं असतं."

"शेजारणीकडे ठेवायचं ना मग."

"शेजारणीचं काय लिहून दिलंय मास्तराने?"

कांताने वर्गातली कच्ची वही बघितली. "प्रेमळ व परोपकारी."

"हो का? ही परोपकारी सकाळी कुठे होती? पोर रडलं तेव्हा चार लोकांसमोर सोडवायला आली. सांभाळायला नाही आली."

"आई, पाच मार्कांचा प्रश्न आहे. तू का एवढी चिडतेस?"

जाईबाईने सूप बाजूला सारलं. हे सांगायचं नाही असं तिने दहा वर्षं ठरवलं होतं. "तुला बांधलं होतं म्हणून. ह्याच पलंगाच्या पायाला. तुझी आजी वारली त्या साली, दोन महिने. जुन्या लुगड्याची दुपदरी पट्टी केली होती, काचू नये म्हणून. स्टोव्ह वर फळीवर ठेवायचे."

कांता पलंगाच्या पायाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मी रडायचे?"

"मला काय ठाऊक? मी गिरणीत होते."

ह्यावर पोर काहीतरी बोलेल, निदान जवळ सरकेल, असं जाईबाईला वाटलं. कांताने गृहपाठाच्या वहीचं कोरं पान उघडलं.

"मग मी लिहू काय? तू सांग. पाच ओळी पाहिजेत."

जाईबाई घसा खाकरून बसली. इतका वेळ चाललेलं तोंड आता पुस्तकी वाक्यासाठी अडलं. "लिही... तिने दोरी मापली होती."

"ही एक ओळ झाली."

"तेवढीच खरी आहे."

"एका ओळीला मार्क नाही देत, आई."

दुसऱ्या दिवशी भोंगा वाजायच्या आधी जाईबाईने कांताच्या पिशवीतून गृहपाठाची वही काढली. दिव्याजवळ धरून एकेक अक्षर बोटाने लावत गेली. नि ष्का ळ जी. क ठो र. खाली शेजारीण प्रेमळ होतीच. पाचही ओळी मास्तराच्या. दोरीचं नाव नाही. पान मागेपुढे करून बघितलं, कुठेच नाही.

वही होती तशी पिशवीत गेली. कांताला उठवून तिने पुढ्यात बसवलं आणि वेणी घालायला घेतली.

"आई, ओढतंय."

"ओढू दे," जाईबाई म्हणाली आणि तिने दुसरा पेड उचलला.